आपल्याच लेकीकडे पाहुणा

प्रश्न :

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

माझं वय ३१. चाकणच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. ब्रेकचे पार्ट मोजायचे, पास करायचे किंवा बाजूला काढायचे, हे माझं काम. आज आमच्या मुलीला ४० दिवस झाले. पहिलं बाळंतपण म्हणून बायको सातव्या महिन्यातच सोलापूरला माहेरी गेली. मला कंपनीने तीन दिवस रजा दिली. आता दर बुधवारी पहिली पाळी संपवून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो, गुरुवारची सुट्टी तिकडे काढतो आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने परत येऊन दुसऱ्या पाळीला हजर होतो.

सांगायला लाज वाटते, पण मुलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. पेढे वाटले, फोटो पाठवले. पण मित्र सांगतात तसं आतून भरून वगैरे आलं नाही. भीती मात्र पहिल्या दिवसापासून आहे. दवाखान्यात जन्माच्या नोंदीचा फॉर्म दिला होता. त्यात ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात मी माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांची सवय. सिस्टरने दुसरा फॉर्म दिला आणि म्हणाली, ‘‘आता वडील तुम्ही.’’ ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले.

मुलगी झोपेत भरभर श्वास घेते आणि मधेच थांबते. मी मोबाइलवर वेळ लावून मोजतो. एकदा ४४ आले, एकदा ५२. थांबली की नाकाखाली बोट धरून बसतो. चाकणला असलो की रात्री दोन वाजता बायकोला फोन करून ‘श्वास बघ’ म्हणतो. परवा ती चिडली आणि मग रडायला लागली. तशी ती हल्ली गप्पच असते. जन्माच्या वेळी मुलगी २ किलो ७०० ग्रॅम होती, पाचव्या दिवशी अडीच किलो भरली, तेव्हापासून मला धास्ती बसली आहे. आता साडेतीन किलो आहे.

सासरे फार चांगले आहेत. गेलो की ‘‘पाव्हणं, बसा,’’ म्हणून खुर्ची देतात. मुलीला उचललं की ती रडते आणि सासूबाई ‘‘द्या हिकडं, तुम्हाला जमायचं न्हाई ते,’’ म्हणून घेऊन जातात. घुटी देऊ नका असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी आपण किती पोरं वाढवली ते ऐकवलं. घराचा हप्ता आहे, आता खर्चही वाढणार, म्हणून ओव्हरटाइम मागून घ्यावा असं मनात आहे. पण मग गुरुवारही जाईल.

मी बाप म्हणून कमी पडतोय का? की मला काहीतरी झालंय?

– व., चाकण

उत्तर :

प्रिय व.,

तुमचं पत्र आलं तेव्हा मुलीची दीड महिन्याची लस तोंडावर आली होती. म्हणून तेवढ्यापुरतं मी तुम्हाला लगेच वेगळं कळवलं. हा अंक हातात पडेल तेव्हा ती दोन महिने ओलांडून गेली असेल. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण असं पत्र मनात असून न लिहिणारे बाप फार आहेत. मिरजेत मी ३४ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं. आया बोलायच्या, आज्या त्याहून जास्त बोलायच्या. बाप दाराशी पिशवी धरून उभा असायचा. औषधं आणायला त्याला पाठवलं जायचं, सही त्याची घेतली जायची, पैसे तो भरायचा. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ असं त्याला विचारायचं मलाही पहिली काही वर्षं सुचलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी श्वासाचं, कारण त्याच्यापायी तुमची झोप गेली आहे. तुमच्या कामातल्या शब्दात सांगतो. नवजात बाळाच्या श्वासाला टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, मोठं असतं, मिनिटाला ३० ते ६०. तुमचे ४४ आणि ५२ दोन्ही पास. मोजायचेच असतील तर पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भरभर घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. श्वासाची लय राखणारं मेंदूतलं केंद्र अजून कोवळं असतं म्हणून असं होतं, आणि काही महिन्यांत ते आपोआप बसतं.

बाजूला काढायच्या खुणा मात्र पाठ करा. बाळ शांत असताना, दोनदा मोजूनही श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरणं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं. कण्हणं. ओठ किंवा जीभ निळसर दिसणं. श्वास वीस सेकंदांच्या आसपास थांबणं. दूध ओढायचं सोडून देणं, हाक मारून, हलवूनही जागं न होणं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप. यातलं काहीही दिसलं तर मोजत बसायचं नाही. रात्रीचे तीन वाजले असले तरी दवाखाना. यातलं काहीच नसेल तर नाकाखालचं बोट काढून घ्या. झोपवताना पाठीवर झोपवा, गादी घट्ट असू द्या, तोंडाजवळ उशी, मऊ गोधडी, कपड्यांचा ढीग असं काही ठेवू नका. तुमच्या काळजीचा बाळाला खरा उपयोग होतो तो इथे.

वजनाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात बाळ जन्माच्या वजनाच्या शेकडा सात ते दहापर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून काढतं. तुमची २०० ग्रॅमने उतरली, म्हणजे शेकडा साडेसातच्या आत. त्यानंतर चाळिसाव्या दिवसापर्यंत एक किलो चढली. हे आईच्या दुधाचं काम आहे. तुमच्या बायकोला हा आकडा सांगा. तिला कोणी सांगितला नसेल.

आता त्या फॉर्मकडे येतो, कारण पत्रातली ती जागा मी तीनदा वाचली. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावामागे चालतं. शाळेचा दाखला, बँक, मतदारयादी, सगळीकडे तुमचे बाबा तुमच्या नावाला लागून उभे आहेत. आता तुमचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावामागे जाऊन उभं राहणार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. मला तो क्रम योग्य वाटतो. नऊ महिने वागवणारी आधी, मग तुम्ही. पण तुमचं नाव तिथे आहे आणि ते तिच्या दप्तरापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे जाणार. अशा जागी नाव लिहिताना हात चुकला तर ते मला साहजिक वाटतं. ज्या दिवशी बाप झालात त्या दिवशी तुम्हाला तुमचे बाबा हवे होते. चार वर्षांपूर्वी कामाच्या गडबडीत, घरच्यांना सावरताना जे रडायचं राहून गेलं असेल, ते अशा वेळी वर येतं. बाळ जन्मलं की गेलेल्या माणसांची आठवण ताजी होताना मी खूप घरांत पाहिली आहे. हे बायकोला सांगा. तिनेही त्यांना पाहिलं असेल, तर तिच्याकडेही त्यांच्या काही आठवणी असतील.

‘आतून काही वाटलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मी माझं सांगतो.

ऑगस्ट १९८६. मी मिरजेत, बायको चिपळूणला माहेरी. मुलगी झाल्याची तार आली तेव्हा मी वॉर्डात दुसऱ्यांची मुलं तपासत होतो. सुट्टी मिळायला दोन दिवस गेले. एसटीने कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत निघालो, तर कुंभार्ली घाटात दरड आलेली, गाडी चार तास उभी. पोचलो तिसऱ्या दिवशी रात्री, कपडे ओले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची ऊब, वावडिंगाचा वास. मी हात धुतले, मुलीला दुपट्यावर ठेवलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. टाळू पाहिली, डोळे पाहिले, हृदयाचे ठोके ऐकले, कमरेचे सांधे फिरवून पाहिले, बोटं मोजली. सगळं व्यवस्थित होतं. मान वर केली तर बायको माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘तपासून झालं असेल तर आता घ्या तिला.’’

मी घेतलं नाही. दारात सासरे उभे होते, मामेसासरे होते. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायचं नाही ही आमच्या घरची रीत. माझ्या वडिलांनी मला कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. मी मुलीला परत बायकोच्या कुशीत ठेवलं आणि बाहेर ओटीवर जाऊन बसलो. पुढच्या तीन महिन्यांत चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी तपासलं, वजन लिहून ठेवलं. ती वही अजून आहे माझ्याकडे. शेकडो नवजात बाळं हाताळलेला माणूस मी, आणि स्वतःच्या मुलीला निजवलं नव्हतं.

दिवाळीनंतर दोघी मिरजेला आल्या. डिसेंबरात बायकोला टायफॉइड झाला. सासूबाई चिपळूणला, आई आजारी, घरात मीच. पाजायला तेवढी मुलीला तिच्याकडे न्यायचो, बाकी रात्र माझी. पहिल्या रात्री ती दीड तास रडली. मला अंगाई येत नव्हती. येत होत्या त्या पावकी आणि निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी पहाटे उठवून, प्रसंगी छडी मारून त्या माझ्याकडून घोकून घेतल्या होत्या. मुलीला खांद्यावर घेऊन मी खोलीत येरझाऱ्या घालत पावकी म्हणायला लागलो. मग निमकी, पाऊणकी, सवायकी. दिडकीपर्यंत जाण्याआधी तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मी थांबलो तर पुन्हा कुरकुर. म्हणून पुन्हा पावकीपासून. आवाज माझा होता पण लय, ठेका, श्वास घ्यायच्या जागा, सगळं वडिलांचं होतं. त्या रात्री त्यांची मला जितकी आठवण आली तितकी कधी आली नव्हती, आणि ते तेव्हा हयात होते, गावाला होते. सकाळी मी त्यांना पत्र लिहिलं.

बायको बरी झाल्यावरही रात्रीचं निजवणं माझ्याकडेच राहिलं. मुलीबद्दल माया नेमकी कोणत्या रात्री आली ते मला सांगता येणार नाही. पण चिपळूणला तपासताना ती आली नव्हती, आणि महिनाभर निजवल्यावर ती होती.

हे माझ्या एकट्याचं नाही. फिलिपिन्समध्ये सेबू शहरात ६२४ तरुणांवर काही वर्षं नजर ठेवून एक अभ्यास झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक चांगलंच उतरलं होतं, आणि त्यांतही रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलाचं करणाऱ्या बापांमध्ये ते सगळ्यांत कमी होतं. म्हणजे बदल तुमच्याही शरीरात होणार आहे. फक्त आईच्या शरीराला नऊ महिने मिळाले. तुमचं शरीर हात लावायला लागल्यावर बदलतं, आणि तुम्हाला हात लावायला मिळत नाही. माझ्या मते तुमचं सगळं दुखणं इथे आहे.

सोलापूरकडे जावयाला ‘पाव्हणं’ म्हणतात ते मानाने म्हणतात. सासऱ्यांच्या मनात दुसरं काही नाही. पण पाहुण्याने खुर्चीत बसायचं असतं, चहा घ्यायचा असतो आणि बाळ दाखवलं की बघायचं असतं. त्या खुर्चीतून उठा. बुधवारी रात्री पोचल्यापासून शुक्रवारी पहाटेपर्यंत दोन रात्री आणि एक अख्खा दिवस तुमच्या हातात आहे. तो माझ्या चार भेटींपेक्षा कितीतरी जास्त आहे.

रात्र मागून घ्या. दिवसा बायकांचं राज्य असतं, रात्री सगळे दमलेले असतात आणि कोणी नाही म्हणत नाही. बायकोने पाजलं की बाळ तुमच्याकडे. खांद्यावर उभं धरून ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, निजवायचं. नखं कापून जा, अंगठी काढून ठेवा. शर्ट काढून, नुसत्या लंगोटातल्या मुलीला उघड्या छातीवर पालथी घ्या, मान एका बाजूला, वरून पांघरूण, नाक मोकळं. मात्र तुम्ही जागे असताना, आणि झोप यायला लागली की तिला तिच्या जागी. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ती सुरू केली. आमच्या वॉर्डात जत तालुक्यातला ट्रॅक्टरवर ऊस वाहणारा एक तरुण होता. जुळं झालेलं, एकेक दीड-पावणेदोन किलोचं. आईच्या छातीवर एक मावलं, दुसरं त्याच्या छातीशी बांधलं. पहिल्या दिवशी तो इतका ताठ बसला होता की त्याला पाणीसुद्धा सिस्टरने पाजलं. आठवडाभरात तो बाळाला छातीशी घेऊन वॉर्डात फिरत होता आणि नव्याने येणाऱ्या बापांना गाठ कशी मारायची ते दाखवत होता.

तुम्ही उचलल्यावर मुलगी रडते याची दोन कारणं मला दिसतात. एक, सगळीच बाळं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त रडतात, विशेषतः संध्याकाळनंतर, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते उतरतं. तुम्ही पोचता तेच तिच्या रडायच्या वेळेला. दुसरं, तुमचे हात ताठ असतात. ती रडली की तुम्ही आणखी ताठ होता आणि सासूबाईंकडे बघता. मानेखाली तळवा, कमरेखाली दुसरा हात, अंगाशी चिकटवून धरा आणि बोलत राहा. तिला वीतभर अंतरावरचा चेहरा सगळ्यांत चांगला दिसतो. म्हणून तोंड तेवढ्याच अंतरावर न्या. काय बोलायचं सुचलं नाही तर आज कारखान्यात किती पार्ट बाजूला काढले ते सांगा. तिला आवाज हवा आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान बाळं चेहरा पाहून हसायला लागतात. तुमची एव्हाना हसली असेल, आणि बहुतेक एखाद्या सोमवारी, तुम्ही तिथे नसताना. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे पाहून हसेल ते तुमचं पहिलं.

सासूबाईंशी भांडण जिंकायला जाऊ नका. घुटीबद्दल तुमचं बरोबर आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळांना लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने बाळ गुंगतं, त्याला आपण ‘छान झोपलं’ म्हणतो. धुरीनेही कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. पण हे त्या घरात जावयाने सांगितलं की ते त्यांच्या सगळ्या आयुष्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. ते डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. लसीला जाताना त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर तुम्हीच विचारा. आणि त्यांच्याकडून शिका. पायांवर घेऊन बाळाला आंघोळ घालायची, पाणी कोपराने पाहायचं, डोक्यावर पाणी घेताना कपाळाशी हाताचा आडोसा धरायचा, हे कसब मला एमडी होऊनही येत नव्हतं. ‘‘आई, मला आंघोळ घालायला शिकवा,’’ असं म्हणा. पहिल्या वेळी हसतील. शेजारणींना बोलावून दाखवतीलही. बसू द्या त्यांना बघत. दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी त्या तेलाची वाटी तुमच्या हातात देतील.

बायकोबद्दल मला थोडी काळजी आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, हळवं होणं फार जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. चाळिसाव्या दिवशीही ती गप्प असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ असं म्हणत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि बाळाला पाजत असतानाही ते घेता येतात. तिच्या तोंडून स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याची गोष्ट निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर, तिला एकटं सोडायचं नाही. रात्री दोनचा फोन आजपासून बंद. त्या फोनवर तुम्ही तुमची भीती तिच्या उशाशी ठेवता आणि ती एकटी जागी राहते. संध्याकाळी फोन करा आणि आधी तिचं विचारा: जेवलीस का, दुपारी झोपलीस का, टाके दुखतात का. बाळाचं नंतर. ‘‘परवा मी तुला घाबरवलं, चुकलं माझं,’’ हे समोर बसून सांगा.

आणि तुमचं? पुष्कळ देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० साली जे गणित मांडलं गेलं, त्यात बाळाच्या जन्माच्या आगेमागे साधारण दहातल्या एका बापाला नैराश्याने गाठल्याचं दिसलं, आणि ते सर्वांत जास्त तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. पुरुषांत ते रडण्यातून दिसतंच असं नाही. चिडचिड होते, दारू वाढते, घरी जायला नको वाटतं, कामात बुडून राहावंसं वाटतं. तुमच्या पत्रावरून मला तुम्ही घाबरलेला, दमलेला आणि बाबांची आठवण काढणारा माणूस वाटता. त्याला मी आजार म्हणणार नाही. पण मुलगी ठीक आहे हे कळूनही मोजणं थांबत नसेल, किंवा दोन आठवडे मन खालीच राहिलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, कोणत्याही वेळी चालतो, मराठीत बोलता येतं. बायकोलाही तो देऊन ठेवा.

ओव्हरटाइम आता घेऊ नका. हे मी ठामपणे सांगतो. कमावणं ही बापाची जबाबदारी आहेच, पण पैसे मिळवणं तुम्हाला येतं आणि मूल सांभाळणं अजून येत नाही. घाबरलेला माणूस आपल्याला जमणाऱ्या कामाकडे पळतो. मी वॉर्डाकडे पळायचो. तुमच्या आरोग्य विम्यात मुलीचं नाव घाला, स्वतःचा साधा मुदतीचा विमा काढा, आणि गुरुवार कोणाला देऊ नका.

रजेचंही सांगतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळाच्या जन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापासाठी तसा कायदा नाही. आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, तुम्हाला मालक देईल तितकं. हे मला चूक वाटतं आणि संधी मिळेल तिथे मी बोलत आलो आहे. पण तुमच्या हातात आज साठलेली हक्काची रजा आहे. ती आता सोलापूरला चहा पिण्यात घालवू नका. दोघी चाकणला येतील तेव्हाचा पहिला आठवडा मागून घ्या. त्या आठवड्यात सासूबाई नसतात, मालीशवाली नसते, आयतं जेवण नसतं, आणि बायको रडकुंडीला येते ती तेव्हा. त्या वेळी घरात आंघोळ घालता येणारा, लंगोट बदलता येणारा, रात्र काढता येणारा दुसरा माणूस असायला हवा.

दहा आठवड्यांची लस आता आली. ती एखाद्या गुरुवारी घ्यायची असं डॉक्टरांशी आणि सासूबाईंशी आजच बोलून ठेवा. टोचताना बाळाला कुणीतरी मांडीवर घट्ट धरावं लागतं. तिथे तुम्ही बसा. ती किंचाळेल, तोंड लाल करेल, आणि सासूबाईंचे हात आपोआप पुढे येतील. त्यांच्याकडे बघून मान हलवा, मुलीला खांद्यावर घ्या आणि ती थांबेपर्यंत दवाखान्याच्या अंगणात फेऱ्या मारा. टोचायच्या आधी वजन करतीलच. ते कार्डावर लिहून घ्या आणि आकडा मला कळवा.